मागे उभं राहणारं माणूस

बायको, आर्डिस, गेल्याचा फोन आला तेव्हा वेंडेल एका गिऱ्हाइकाच्या तळघरात घर गरम ठेवणारी भट्टी दुरुस्त करत होता. फेब्रुवारी होता, बाहेर बर्फ पडत होता. दवाखान्यातल्या नर्सनं जे सांगायचं ते सांगितलं. वेंडेल "बरं" म्हणाला. त्यानं भट्टीचं झाकण बसवलं, स्क्रू आवळले आणि मग निघाला. जिन्यात घरमालकिणीनं विचारलं, "झालं का हो काम?"

तो म्हणाला, "झालं."

सप्टेंबरात अमेरिकेतल्या कामगार दिनाची लांब सुट्टी आली. या सुट्टीला दोघं दरवर्षी गाडीमागे ट्रेलर, म्हणजे चाकांवरची खोली, जोडून तळ्यावर राहायला जात. यंदाची जागाही आर्डिसनंच आजारी पडण्याआधी राखून ठेवली होती. मुलगी म्हणाली, "बाबा, यंदा राहू द्या." पण घर त्याला खायला उठत होतं. तो गेला.

एकट्यानं ट्रेलर मागे घेताना कुणी बघू नये म्हणून तो शुक्रवारी सकाळी, गर्दीच्या आधीच पोचला. पूर्वी आर्डिस मागे उभी राहून हातानं खुणा करायची. तिचा नियम एकच होता. "मी आरशात दिसले नाही, तर जागच्या जागी थांबायचं." या खेपेला आरशात नुसती झाडं होती. पुढे-मागे करून करून त्यानं ट्रेलर कसाबसा आत घातला. तो वाकडाच राहिला.

दुपारी रांग लागली. तळ्यावरची जुनी मंडळी खुर्च्या टाकून, बिअर उघडून बसली. नवे येणारे ट्रेलर मागे कसे घेतात आणि नवरा-बायको कशी भांडतात, हा तिथला फुकटचा तमाशा. शेजारच्या जागेवर लाईल आणि बेव्ह आले. वीस वर्षांचा शेजार. बेव्ह मागे जाऊन उभी राहिली.

"डावीकडे घे, डावीकडे!"

"कुणाच्या डावीकडे? तुझ्या की माझ्या?"

"देवाच्या! घे आता!"

"अगं, खुणा करतेस की माश्या हाकतेस?"

सगळे हसले. वेंडेलला हसू आलं नाही. त्याला ते भांडण हवं होतं. हाच लाईल दर वर्षी शेकोटीशी बसून बायकोची गाऱ्हाणी सांगायचा. फार बोलते, बटाट्यात मीठ फार घालते. एकदा पिऊन म्हणाला होता, "ही माहेरी गेली की माझी खरी सुट्टी." त्या माणसाच्या आरशात बायको उभी होती.

लाईलला आरशात दिसावं म्हणून बेव्ह ट्रेलरमागे, त्याच्या खिडकीच्या बाजूला उभी होती. पलीकडच्या कोपऱ्यात पाण्याच्या नळाचा खांब होता, तो तिला दिसत नव्हता. वेंडेलची खुर्ची नेमकी त्या खांबासमोर होती. ट्रेलरचा कोपरा खांबाकडे सरकत होता. हातभर राहिला, मग वीतभर. "थांब" हा शब्द वेंडेलच्या जिभेवर आला. त्यानं तो गिळला.

कडकन आवाज झाला. खांब वाकला आणि पाण्याचा फवारा उडाला. लाईल धावत मागे आला. आता जुंपणार, म्हणून लोक सावरून बसले. बेव्ह नखशिखांत भिजली होती. लाईलनं तिच्याकडे पाहिलं आणि त्याला हसू फुटलं. तीही हसली आणि हसता हसता त्याच्या खांद्यावर टेकली. वेंडेल खुर्ची उचलून आत गेला.

संध्याकाळी बेव्हनं दार वाजवलं. ताटलीत भाजलेले सॉसेज आणि मक्याचं कणीस होतं. "खा रे. तोंड बघ कसं सुकलंय. आर्डिसनं मला फाडून खाल्लं असतं."

तिच्यामागे लाईल होता. "विचार हिला, खांब कसा दिसला नाही."

"माझेच डोळे गेले," बेव्ह म्हणाली. "खांब होता म्हणून बरं. एखादं पोर असतं तर? आता मी नाही बाबा मागे उभी राहायची."

"नको राहूस. कॅमेरा बसवतो. तो उलट तरी बोलत नाही."

या खेपेला बेव्ह हसली नाही. वेंडेल कणीस खात राहिला.

सोमवारी परतताना लाईलला गाडी मागे घेऊन ट्रेलर पुन्हा जोडायचा होता. तो गाडीत बसला आणि त्यानं हाक मारली, "बेव्ह! ये ना गं!" ती खुर्चीतून उठली नाही.

"मी नाही म्हटलं ना."

लाईलनं आरशात पाहिलं. मग वळून पाहिलं, मग पुन्हा आरशात. आरशात काय दिसत असेल ते वेंडेलला ठाऊक होतं. तो उठून ट्रेलरपाशी उभा राहिला.

"ये. अजून ये. थोडा उजवीकडे, तुझ्या उजवीकडे. हां. थांब."

गाडी जोडली गेली. बेव्हनं येऊन त्याला मिठी मारली. "तुझी नजर अजून शाबूत आहे हो," ती म्हणाली.

"सांभाळून जा," वेंडेल म्हणाला.

आता ऑक्टोबर संपत आला आहे. लाईलनं कॅमेरा बसवला, असं कुणाकडून तरी कळलं. बेव्हचा नंबर वेंडेलकडे आहे. खांब आपल्याला दिसत होता, हे सांगायला त्यानं तिला अजून फोन केलेला नाही.