साहेबांचा खोका

"रविवारी परत येतो. तेव्हाही असाच वास आला, तर मांजराची दुसरीकडे सोय करा," असं बजावून घरमालक गेले आणि आमच्या लेकीचा चेहरा पडला. साहेब, म्हणजे आमचा चौदा वर्षांचा बोका, खिडकीत जांभया देत होता.

आधी त्याच्या शी-शूच्या ट्रेमध्ये माती असायची, तेव्हा तक्रार नव्हती. ओल लागली की मातीचा घट्ट गोळा व्हायचा, मी तो झाऱ्याने उचलून टाकायचे. पण तिच्या धुळीने ह्यांचा खोकला बळावला. चाळीस वर्षं सुतारकाम केलेली छाती ती! मग लेकीने पांढरे खडे आणले. ते ओल पितात, वासही धरतात, पण पायाखाली करकरतात. साहेबांनी नाक मुरडून माझ्या चपलांवर कार्यक्रम उरकला. शेवटी लाकडाच्या भुशाच्या दाबून केलेल्या गोळ्या आल्या आणि घरभर वास सुटला.

"लाकूड कुचकामी," मी फणकारले. ह्यांना ते लागलं. हात थरथरायला लागल्यापासून त्यांनी करवत माळ्यावर टाकली होती. "आता माझा काय उपयोग?" हे त्यांचं रोजचं पालुपद.

शुक्रवारी मी ट्रे साफ करत असताना हे मागे येऊन उभे राहिले.

"काय टाकतेस?"

"गोळ्या. दिसत नाही?"

"अगं, त्या कोरड्या आहेत! ओल लागली की ही गोळी फुगते, सुटते, तिचा भुसा होतो. तू चांगलं फेकतेस आणि घाण जपून ठेवतेस!"

आठवडाभर मी तेच करत होते. हात मातीला सरावलेले ना! मी झारा खाली ठेवला.

दुपारी करवत खाली उतरली. लेकीने फळ्या धरल्या, ह्यांनी कापल्या. जाळीच्या तळाचा खोका, खाली सरकता खण. हलवला की भुसा खणात, कोरड्या गोळ्या वर. एक कड वाकडी गेली, पण खण लोण्यासारखा सरकत होता.

रविवारी घरमालकांनी खोलीखोलीत हुंगून पाहिलं.

"नवं फर्निचर केलंत? लाकडाचा छान वास येतोय."

लेकीने खोका दाखवला. ते उकिडवे बसून दोनदा खण ओढून बघत राहिले.

"कुणी केलं?"

"ह्यांनी!" मी जवळजवळ ओरडलेच.

"राहू द्या मांजर," घरमालक उठत म्हणाले. "आणि आमचंही एक कपाट दुरुस्त कराल का?"

हे माझ्याकडे तिरकं बघत म्हणाले, "लाकूड कुचकामीच असतं म्हणा. पण येतो उद्या."