नाळेत दोनच

सुईणीने उभ्या हयातीत हजारभर नाळा कापल्या होत्या, पण एकीच्याही आत डोकावून पाहिलं नव्हतं. त्यामुळे लेकीच्या पाचव्या महिन्याच्या सोनोग्राफीत ‘नाळेत तीनऐवजी दोनच रक्तवाहिन्या’ असं निघालं, तेव्हा ती हसलीच.

“मेल्या मशीनला काहीतरी खोट काढायचीच असते!”

डॉक्टरीणबाईंनी मात्र कागदावर तीन गोल काढले आणि एकावर फुली मारली. “एक वाहिनी बाळाकडे रक्त नेते, दोन परत आणतात. त्या दोनांतली एक इथे नाही. बहुतेक बाळं ठणठणीत जन्मतात. पण वाढ खुंटू शकते, म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचं. हालचाल कमी वाटली, की थेट निघून यायचं.”

लेक पोस्टात काउंटरवर बसायची. तो कागद तिने पर्समध्ये जपून ठेवला. दर तपासणीला न चुकता गेली.

आठवा सरत आला तेव्हा एका सकाळी ती म्हणाली, “आई, कालपासून बाळ मंद वाटतंय गं. जाऊन येऊ का?”

“अगं, जागा पुरत नाही आता त्याला. गोड काहीतरी खा आणि डाव्या कुशीवर पड. मी काय आज सुईण झालेय?”

लेकीने ऐकलं. दुसऱ्या दिवशी हालचाल थांबलीच. दोघी दवाखान्यात पोचल्या, तेव्हा पडद्यावर काहीच हलत नव्हतं.

मुलगी होती. सुईणीने तिला पुसलं, गुंडाळलं. हात आपले सवयीने चालत होते. मग नर्सला म्हणाली, “मला नाळ बघू दे.” कापलेल्या टोकाला दोनच तोंडं होती, एक मोठं आणि एक टाचणीच्या डोक्याएवढं.

“काल आलो असतो तर?” तिने डॉक्टरीणबाईंना विचारलं.

“वाचलीच असती, असं छातीठोक नाही सांगता येत. नसतीच वाचली, असंही नाही.”

ती लेकीच्या खाटेपाशी आली. जावई उठून बाजूला झाला.

“चुकलं माझं. तुला बरोबर कळलं होतं, मीच अडवलं.”

लेक भिंतीकडे तोंड करून पडली होती. तशीच म्हणाली, “आता काही बोलू नकोस, आई. पण जाऊही नकोस.”

तिसऱ्या दिवशी लेकीला दूध आलं. सुईणीने मुकाट्याने थंड पाण्यातून कापड पिळलं आणि तिच्या दाटलेल्या छातीवर ठेवलं. लेकीने तिच्याकडे पाहिलं नाही. हात मात्र झिडकारला नाही.