तडा

सकाळी सात वाजता ड्राहोमिराने यंत्र थांबवलं, ट्रामच्या चौकटीवर तड्यात मुरणारा लाल रंग फवारला, तो पुसून वर पांढरी पावडर मारली आणि वाट बघत बसली. पाच मिनिटांत डाव्या कोपऱ्यातल्या वेल्डिंगच्या सांध्याशी लाल रेघ उमटली. नखाएवढी.

पंचवीस दिवस हायड्रॉलिक दट्ट्या त्या चौकटीला सेकंदाला चार वेळा दाबत होता. एक कोटी फेरे व्हायचे होते. शहाऐंशी लाखांवर पोलाद थकलं. मोराव्हियातल्या त्या कारखान्यात तिने बावीस वर्षं हेच काम केलं होतं, त्यामुळे रेघ खरी की खोटी हे तिला कुणाला विचारावं लागलं नाही. तिने वहीत शाईने नोंद केली.

प्रयोगशाळेचे प्रमुख इंजिनिअर कोउकल आले, वाकले, आणि बराच वेळ वाकूनच राहिले.

"ड्राहोमिराबाई, अकराला ट्राम विकत घेणारे लोक येतायत."

"मग बघतील की."

"बोहुश घासेल, वर एक थर चढवेल, करडा रंग मारेल. चाचणी पुढे चालू. आकडा तोच."

"आकडा तोच, पण चौकट वेगळी."

"वहीतलं पान मी बघतो. तुम्ही घरी जा, दोन दिवस सुट्टी घ्या. थकलेल्या दिसताय."

कोउकल बोहुशला बोलवायला गेले. वेल्डिंग करणारा बोहुश साठीचा, नाकासमोर चालणारा माणूस. साहेब सांगतील ते करायचा. ड्राहोमिरा दोन मिनिटं उभी राहिली. मग यंत्राभोवतीच्या पिंजऱ्याचं जाळीदार दार लावलं, कुलूप घातलं, किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि पंप सुरू केला. तेलाचा दाब चढला. वीस टनांचा दट्ट्या पुन्हा धडधडू लागला. चालत्या चौकटीला हात लावायची कुणाची छाती नव्हती.

बोहुश घासायचं मशीन घेऊन आला आणि दारातच थबकला.

"ड्राहा, काय चाललंय हे?"

"चाचणी."

"साहेब म्हणाले घासायचंय."

"घास की. हात आत घाल."

तो गालात हसला आणि मशीन खाली ठेवलं. मागोमाग कोउकल आले, लालबुंद.

"बंद करा ते."

"लाल बटण तुमच्या उजव्या हाताला आहे, साहेब. दाबलं की यंत्र वेळ नोंदवतं. अकराला ते विचारतील का थांबवलं. सांगा त्यांना."

"तुमची नोकरी जाईल, कळतंय ना?"

"कळतंय. बोहुश, कॉफी घेणार?"

कोउकल बटणाजवळ गेले. हात उचलला, खिशात घातला. मग ऑफिसात जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. ड्राहोमिरा खुर्चीवर बसली आणि डब्यातला सॉसेज-पाव खायला लागली.

दहापर्यंत तडा जाळीबाहेरून नुसत्या डोळ्यांनी दिसू लागला. अकराला पाहुणे आले, दोन पुरुष आणि चष्मा लावलेली एक इंजिनिअरबाई. कोउकल काहीतरी बोलू लागले, तेवढ्यात चौकटीतून लाकूड मोडल्यासारखा आवाज आला आणि यंत्र आपोआप थांबलं. कोपरा तळहातभर फाटला होता.

बाईंनी विचारलं, "पहिल्यांदा कधी दिसलं?"

"सात वाजून पाच मिनिटांनी." ड्राहोमिराने वही पुढे केली. कोउकल खिडकीबाहेर बघत होते.

त्या कोपऱ्याची रचना बदलली, पत्रा जाड झाला आणि वसंतात नवी चौकट यंत्रावर चढली. ड्राहोमिराची नोकरी गेली नाही, मात्र वरिष्ठांची आज्ञा मोडल्याबद्दल लेखी ताकीद आली. कोउकलनी कागद तिच्यासमोर सरकवला.

"सही करा आणि विषय संपवा."

तिने तो दोनदा वाचला. "यात तडा कुठे आहे?"

"त्याचा इथे संबंध नाही."

तिने पेन घेतलं, ताकिदीच्या खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'चौकटीला तडा होता म्हणून आज्ञा मोडली', आणि मग सही केली.