वगळलेल्या एक्केचाळीस फेऱ्या

हिरा तांदळाच्या दाण्याहून लहान होता आणि त्याच्यापायी तिची सात वर्षं गेली होती.

हा अंगठीतला हिरा नव्हे. यंत्रात वाढवलेला, आणि मुद्दाम एक दोष ठेवून वाढवलेला. त्याच्यात एके ठिकाणी कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू येऊन बसला होता, शेजारची जागा रिकामी होती आणि त्या रिकाम्या जागेत एक इलेक्ट्रॉन अडकून पडला होता. त्याच्यावर हिरवा लेझर टाकला की लाल उजेड परत येई, आणि त्या उजेडावरून जवळपासचं चुंबकत्व मोजता येई. इलेक्ट्रॉन आपली लय जितका जास्त वेळ सांभाळेल, तितकं मोजमाप बारीक. मज्जातंतूतून संदेश जाताना जे नखभर चुंबकत्व उमटतं तेवढंही मोजून दाखवीन, असं तिनं संस्थेच्या प्रकल्प-समितीला लिहून दिलं होतं.

पण लय टिकेना. सभोवतालचं काही ना काही त्या इलेक्ट्रॉनला धक्का देई आणि तो क्षणाच्या लक्षांशात भान हरपून बसे. तिनं हिऱ्याभोवती धातूच्या तीन पेट्या एकात एक घातल्या. शेजारची लिफ्ट बंद करवली. मिस्त्री तर लोखंडी खिळ्यांचे बूट दाराबाहेर काढून आत येत. वीस वर्षं लेझर नि पंप सांभाळणारा हा माणूस एकदा म्हणाला होता, "मॅडम, आता फक्त श्वास घ्यायचं बंद करायचं राहिलंय."

मग संचालकांनी सांगितलं की शुक्रवारी समिती बसणार. आकडा दाखवता आला नाही तर प्रयोगाची खोली दुसऱ्या गटाला.

मंगळवारी सकाळी ती प्रयोगाच्या एकशे वीस फेऱ्यांचे आकडे समोर घेऊन बसली. इलेक्ट्रॉनला लय लावून दिल्यापासून ती तपासेपर्यंत थांबायचा वेळ दर फेरीत वेगळा ठेवला होता. एकोणऐंशी फेऱ्यांत लय टिकलेली दिसत होती, एक्केचाळीस फेऱ्यांत साफ बुडालेली. तिनं त्या एक्केचाळीस काढून टाकल्या. कारणाच्या रकान्यात लिहिलं, 'हाताळणीतील व्यत्यय'. उरलेल्यांचा आलेख असा काही सुरेख आला की तिला स्वतःचीच शिसारी आली. तरी तिनं तो पाठवला.

बुधवारी संचालकांनी बोलावून घेतलं. स्वारी खुशीत होती.

"खोली वाचली म्हणून समजा. आणि त्या मिस्त्रींचं मी बघतो. एक्केचाळीस फेऱ्या वाया घालवल्या त्यांनी! पहिल्या तारखेपासून त्यांना घरी बसवायचं."

ती मान डोलावून बाहेर आली, हे तिला पुढे कितीतरी दिवस छळत राहिलं.

मिस्त्री खोलीत नोंदवही मांडीवर घेऊन बसले होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती.

"मॅडम, मी पान न् पान बघितलं," ते म्हणाले. "तापमान ठीक, लेझर ठीक, दार बंद. माझं नक्की काय चुकलं तेवढं सांगा. घरी काहीतरी सांगावं लागेल ना."

"तुमचं काही चुकलं नाही."

"मग?"

"मी काढल्या. आकडे वाईट होते म्हणून."

मिस्त्रींनी वही मिटली. रागावले असते तर बरं झालं असतं.

ती तशीच आल्या पावली संचालकांकडे गेली आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्हाला कळतंय ना, आता तुमची बाजू कुणीही घेणार नाही?"

"कळतंय. अहवाल परत घेते. सगळ्या फेऱ्या घालून दुसरा देते."

परत येऊन तिनं त्या एक्केचाळीस एकेक करून जागेवर ठेवल्या. आजवर ती आकडे तारखेप्रमाणे बघत आली होती, आणि तसे ते नुसते विखुरलेले दिसत. आता थांबण्याच्या वेळेप्रमाणे लावले, तर आलेख खाली गेला, पुन्हा वर आला, पुन्हा खाली, पुन्हा वर. दर दोन बुड्यांमधलं अंतर अगदी सारखं. तिनं पट्टी लावून मोजलं. पुन्हा मोजलं.

"मिस्त्री, हे बघा."

ते जागेवरून उठले नाहीत. "बोला, ऐकतोय."

"हा गोंधळ नाहीये. आजूबाजूच्या कार्बनच्या काही केंद्रकांना स्वतःची गिरकी आहे. सगळ्यांची गती एक. ती आपल्या इलेक्ट्रॉनची लय घेतात आणि गिरकी पुरी झाली की परत देतात. आपण भलत्या वेळी बघतोय आणि मेला म्हणून सोडून देतोय! गिरकी पुरी व्हायच्या नेमक्या क्षणी बघितलं, तर कितीतरी जास्त वेळ थांबता येईल."

मिस्त्री वही बाजूला ठेवून उठले. म्हणाले, "लेझर तापायला वीस मिनिटं लागतील."

गुरुवारी दिवसभर दोघांनी फेऱ्या घेतल्या. कामापुरतंच बोलले. संध्याकाळपर्यंत मोजमाप चौपट बारीक झालं होतं. कबूल केलं होतं दहापट. तेवढं काही साधलं नाही.

शुक्रवारी समितीनं दोन्ही गोष्टी ऐकल्या, तिचं पाप आणि तिचा शोध. शोध खरा असल्याचं मान्य झालं. खोली गेली. पुढली तीन वर्षं तिला स्वतःचा प्रकल्प मागता येणार नव्हता. हिरा आणि रीत दुसऱ्या संस्थेला द्यायची ठरली. मिस्त्रींची नोकरी राहिली, पण त्यांना तळमजल्यावर वर्कशॉपमध्ये लेथवर पाठवलं.

घरी नवऱ्यानं विचारलं, "पण तू खरं सांगितलंस ना शेवटी?"

"शेवटी," ती म्हणाली, आणि ताटावरून उठली.

सोमवारी दोघांनी मिळून पेट्या उघडल्या. स्क्रू काढता काढता तिला राहवलं नाही.

"मिस्त्री, मला माफ—"

"माफी नको, मॅडम. तो पाना द्या."

तिनं पाना दिला.

दुपारी दुसऱ्या संस्थेतली एक तरुण संशोधक हिरा न्यायला आली. किती वेळ थांबायचं, गिरकी कशी ओळखायची, असं ती नीट विचारून विचारून लिहून घेत होती. हिनं सगळं सांगितलं, काही हातचं राखलं नाही. गाडी फाटकातून बाहेर पडली तशी ही वर आली.

खोलीत दोन माणसं टेप लावून नव्या टेबलांसाठी मापं घेत होती.

"बाई, जरा बाजूला होता का?" एकानं विचारलं.

ती बाजूला झाली.