पाच हातांची बाज

मी बाज बोलतेय. लाकडाची चौकट, चार पाय आणि सुतळीची वीण, एवढाच माझा पसारा. पण म्हणून मला कमी लेखू नका. घरोघरी असते ती चार हातांची बाज. मी पाच हातांची आहे. आमच्या बीडकडं माझ्या तोडीची दुसरी असेल तर तिनं समोर यावं. हा मोठेपणा वाटत असेल तर वाटू द्या, माझ्या लांबीला तो शोभतो.

कपिलधारच्या अलीकडं डोंगराच्या अंगाला आमची वस्ती आहे. तिथल्या बबनरावांच्या बांधावर एक जुनी बाभूळ होती, ती माझी आई. एका वादळात ती आडवी झाली आणि आश्रुबा सुतारानं तिच्यातून मला बाहेर काढलं. आश्रुबा हातानं गुणी, तोंडानं फटकळ. बबनरावांनी माप सांगितलं तशी त्यानं पटाशी खाली ठेवली.

“एवढी लांब कावून? घरात कोन ताडमाड हाय?”

“परदेशी पावना येनार हाय,” बबनराव म्हणाले. “त्यो दारातून वाकून येतोय, एवढा उंच असतोय. टीव्हीवर बघितला न्हाईस का कधी?”

आश्रुबानं बघितला होता. परदेशी म्हणजे उंच, यावर सगळ्या वस्तीचं एकमत होतं. वस्तीचं एकमत झालं की सुतारानं वाद घालायचा नसतो, त्यानं गुमान मला लांब केलं.

मी तयार झाले, बबनरावांनी स्वतः सुतळी विणली, आणि चौघांनी मिळून मला पाहुण्याच्या खोलीत नेलं. आत गेले तर माझा पायथा उंबऱ्याबाहेर राहिला, दार काही लागेना. उभी केली, तिरपी केली, आश्रुबानं पुन्हा तोंड सोडलं. शेवटी माझी स्थापना ओसरीवर झाली. तेव्हापासून माझी जागा तिथंच आहे, आणि खरं सांगू का, खोलीत कोंडून राहिले असते तर यातलं काहीच मला दिसलं नसतं.

पाहुण्यासाठी खोली बांधायचं मनावर घेतलं होतं बबनरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी. त्यांची सगळी हयात ऊसतोडीत गेली. दिवाळी झाली की बिऱ्हाड गाडीत भरायचं, कधी माजलगावकडं तर कधी पार कर्नाटकात कारखान्यावर जायचं, आणि उन्हाळा लागला की परतायचं. नवरा-बायकोच्या जोडीला तिकडं ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम माणसं मोजत नाही, कोयते मोजतो. सुभद्राबाईंची कंबर त्यात गेली ती गेलीच. पुढं मुलाचं, भागवतचं लग्न झालं, दीपमाला सून म्हणून आली आणि हातावरची मेंदी उतरते न उतरते तोच तीही उसाच्या फडात गेली. सुभद्राबाईंच्या मनाला ते लागलं. सुनेनं घरीच राहावं एवढी एक गोष्ट त्यांना या जन्मात करून दाखवायची होती.

वाट दाखवली विजयसिंहानं. हा बागायतदार सुंदररावांचा मुलगा. संभाजीनगरात त्याच्या गाड्या चालतात, वेरूळ-अजिंठा बघायला आलेल्या परदेशी माणसांना तो फिरवतो. त्यातली काही जण त्याला म्हणायची, लेणी झाली, आता एखादं खेडं दाखवा, तिथं राहू द्या. “काकू, एक खोली आन् न्हानी तेवढी नीट करा,” तो म्हणाला, “पावने आनायचं माझ्याकडं लागलं.” काकूंनी ते करून ठेवलं. शिमग्यानंतर पहिले पाहुणे यायचे होते. मी तर पायांना तेल लावून सज्ज होते.

तेवढ्यात तो रोग आला. विमानं जमिनीवर बसली, पाहुणे आपापल्या देशात अडकले आणि भागवत-दीपमाला फडात. खूप हाल सोसून ती दोघं परतली तर वस्तीत थेट घेईनात. मग बबनरावांनी मला रानातल्या लिंबाखाली नेऊन ठेवलं आणि दोघांना तिथं वेगळं राहायला सांगितलं. भागवत माझ्यावर झोपायचा. दीपमाला खाली वाकळ अंथरायची. मी दोघांना पुरून उरले असते, तरी ती वर आली नाही. आमच्याकडं सून घरातल्या मोठ्यांच्या बाजेवर बसत नाही. तिथं तर मोठं कुणी नव्हतंही, पण अंगवळणी पडलेली गोष्ट माणसाच्या मागं रानातही येते.

पुढची दोन वर्षं मी पडेल ते काम केलं. माझ्यावर कुरडया वाळल्या, चिंचा फोडल्या. शाळेत लस द्यायला लागले तेव्हा सुई टोचून घेतलेल्या माणसांना अर्धा तास बसवायला मला नेलं. कार्तिकात कपिलधारच्या यात्रेला जाणारे लोक टेकले, त्यांनी माझ्या लांबीची चौकशी केली आणि हसून गेले. मुकादम बंकट तर दर हंगामाआधी यायचा. आला की थेट माझ्या उशाशी मांडी ठोकून बसायचा, चहा घ्यायचा आणि म्हणायचा, “बबनराव, तुमचा कोयता धरतो बरं का.” कोयता म्हणजे भागवत आणि दीपमाला. दीपमाला तेव्हा दाराआड उभी असायची. तिला कुणी विचारायचं नाही आणि मला बोलता यायचं नाही.

विजयसिंहाचे फोन मात्र चालू होते. सुभद्राबाई माझ्या कडेला, खाली बसून फोन मोठ्यानं लावायच्या, म्हणून मलाही सगळं कळायचं. आधी बाहेरच्यांना यायलाच बंदी होती. मग बंदी उठली, पण विमानात बसण्याआधी चाचणी करा, इथं उतरल्यावर सात दिवस खोलीत राहा, असं निघालं. ज्याला रजाच पंधरा दिवसांची, तो त्यातले सात दिवस भिंतीकडं बघत कशाला काढील? मग एका फाल्गुनाच्या तोंडाला नियम सैल झाले. सात दिवसांची अट गेली; बऱ्याच देशांच्या माणसांना लस घेतल्याचा दाखला पुरेल असं झालं. सुभद्राबाईंनी त्या दिवशी ओसरी सारवली.

पण नियम सैल झाला आणि दुसऱ्या दिवशी दारात गर्दी झाली असं काही होत नसतं. विझलेली चूल पेटायला वेळ लागतो. विमानं सुरू झाली तोवर ऊन तापलं होतं, आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात परदेशी माणूस काय, पाखरूही येत नाही. विजयसिंह म्हणाला, काकू, दिवाळीनंतर बघा. दिवाळीच्या आधी त्याचा फोन आला: जपानच्या एक वयस्क बाई पौषात येतायत. त्यांच्या तीन मैत्रिणी आहेत. यांना वस्ती आवडली तर पुढल्या साली त्या येतील, मग माणसांमागून माणसं येत राहतील.

एवढ्या एका फोनवर सुभद्राबाईंनी सुनेला घरी ठेवलं. भागवत चुलतभावाच्या जोडीनं गेला. बंकट माझ्यावर बसून पाय हलवत म्हणाला, “पावनी न्हाई आली तर सक्रांतीनंतर पाठवा सूनबाईला. माझ्याकडं एक अर्धा कोयता कमीच हाय.” अर्धा कोयता! मी बाभळीची असून मला ते बोचलं.

आणि झालं तसंच. इंग्रजी वर्ष संपता संपता चाचणीचा नियम परत आला, मोजक्याच देशांना, आणि त्या मोजक्यांत जपान. पाहुणीबाईंनी यायचं पुढं ढकललं. विजयसिंहानं समजावून सांगितलं की बाई चाचणीला भीत नाहीत. पण तिकीट काढायचं, खोल्या ठरवायच्या आणि ऐनवेळी चाचणीनं ‘घरी बसा’ म्हटलं तर सगळंच पाण्यात. म्हातारं माणूस तेवढी जोखीम घेत नाही. मला ते पटलं. माणसाला त्रासाचं एवढं वाटत नाही, काय होईल ते कळत नाही त्याचं वाटतं.

संक्रांत झाली. बंकटचा निरोप आला. बबनराव म्हणाले, आता पाठवू. सुभद्राबाई म्हणाल्या, शिवरात्रीपर्यंत थांबू. पहिल्यांदाच दोघांत वाद झाला, आणि काहीच ठरलं नाही. दीपमालेनं गाठोडं बांधलं आणि माझ्या पायथ्याशी ठेवलं. वर कोयता ठेवला, फडक्यात गुंडाळलेला. येता-जाता तिची नजर त्याच्यावर जायची. सकाळी ती माझी सैल झालेली दोरी ताणायला बसायची. मी स्वतःला घट्ट करून घेतलं, तेवढंच मला करता येत होतं.

शिवरात्र चार-पाच दिवसांवर आली आणि फोन वाजला. तो नियम उठला होता. पाहुणीबाईंनी त्याच दिवशी तिकीट काढलं होतं. सुभद्राबाईंनी फोन ठेवला, गाठोडं उचललं आणि सुनेच्या समोरच त्याची गाठ सोडली.

मग त्या आल्या. विजयसिंहाच्या गाडीचं दार उघडलं, सगळी वस्ती माना वर करून बघत होती, आणि सगळ्यांना माना खाली कराव्या लागल्या. आमच्या पाहुणीबाई, हारुकोबाई, सुभद्राबाईंहूनही बुटक्या निघाल्या. आश्रुबा गर्दीतून बबनरावांना म्हणाला, “आनखी दोन बायका मावतील की हो बाजंवर.” बबनराव गाडीतलं सामान उतरवायला धावले.

माझी खरी फजिती पुढं होती. संध्याकाळी बाईंनी मला हात लावून बघितलं, विणीचं कौतुक केलं, आणि विजयसिंहामार्फत विचारलं, अंथरूण खाली टाकलं तर चालेल का? त्यांच्याकडं खालीच झोपायची पद्धत. तीन वर्षं ज्या पाहुण्याची वाट बघितली, तो जमिनीवर झोपला! मला रडू आलं असतं, पण बाभूळ रडत नाही, फार तर करकरते. तेवढी मी करकरले.

सकाळ झाली. दीपमाला ओसरीच्या कडेला चुलीवर भाकरी करत होती, बबनराव खांबाला टेकून बसले होते. हारुकोबाई येऊन माझ्यावर बसल्या. पाय जमिनीला पोचेनात, लहान मुलीसारखे लोंबत राहिले. भाकऱ्या झाल्या तशी त्यांनी शेजारी हात थोपटून दीपमालेला खूण केली, ये, बस. दीपमालेनं मान हलवली आणि डोळ्यांनी सासऱ्याकडं दाखवलं. बाईंना उमगेना. विजयसिंहानं सांगितलं की आमच्याकडं सून मोठ्यांसमोर बाजेवर बसत नाही. बाईंनी ऐकून घेतलं, हळूच खाली उतरल्या आणि दीपमालेजवळ भुईवर जाऊन बसल्या.

आता आली का पंचाईत? रात्री झोपायला खाली, ती त्यांची पद्धत झाली. पण घरात बाज रिकामी आणि पाहुणा जेवायला धुळीत, हे आमच्याकडं घराला लाज आणणारं. बबनराव उठून उभे राहिले. वर बसा, वर बसा म्हणाले. बाई दीपमालेचा हात धरून हसत राहिल्या. तिच्याशिवाय वर येईनात. एका बाजूला सुनेची रीत, दुसऱ्या बाजूला पाहुण्याची, आणि मधे मी रिकामी.

सुभद्राबाई हात पुसत बाहेर आल्या. त्या स्वतः तरी नवऱ्यासमोर माझ्यावर कधी बसल्या होत्या? त्या सरळ आल्या आणि माझ्या मधोमध बसल्या. मग म्हणाल्या, “दीपमाले, ये. आन् तुमी असं बघू नका, लाज वाटत आसंल तर रानात जाऊन या.”

बबनराव रानात गेले नाहीत. टोपी काढून डोकं खाजवत म्हणाले, “बस गं पोरी. बाज काय माझ्या एकट्याची हाय का?”

दीपमाला बसली. आधी अगदी कडेला, मग नीट. तिनं मला उन्हातून सावलीत नेलं होतं, माझी दोरी ताणली होती, माझे पाय पुसले होते, पण तिचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. तीन बायका ओळीनं बसून भाकरी खात होत्या. मी जराही करकरले नाही. मला इतका आनंद झाला की माझ्या आईच्या फांद्यांवर सुगरणींची घरटी असायची ते दिवस आठवले.

विजयसिंहानं काढलेला तो फोटो जपानला गेला. पुढच्या हिवाळ्यात तिन्ही मैत्रिणी आल्या, त्यांच्यामागून फ्रान्सचं एक जोडपं आलं. त्यातला नवरा खरंच दारातून वाकून आला, आणि बबनराव आठवडाभर हे ऐकवायला आश्रुबाला शोधत फिरत होते. पाहुण्यांची रीघ लागली असं मी म्हणणार नाही, खोटं कशाला बोलू? पण हंगामात खोली फार दिवस रिकामी नसते. भागवत आता पाहुण्यांना कपिलधारच्या धबधब्यावर नेतो, दीपमाला घरचं सगळं बघते. रोग पुन्हा येईल का, नियम पुन्हा आवळतील का, मला ठाऊक नाही. आवळले तर पुन्हा कुरडया वाळवीन. सैल होतात हेही मी बघितलं आहे.

गेल्या दसऱ्याआधीची गोष्ट सांगते आणि थांबते. बंकट मुकादम आला. सवयीनं माझ्या उशाकडं वळला आणि थबकला. तिथं दीपमाला तूर निवडत बसली होती. बबनराव खांबाशी होते. बंकटनं त्यांच्याकडं बघून विचारलं, “मग काय, यंदा कोयता धरायचा ना?”

 बबनरावांनी सुनेकडं बघितलं.

दीपमाला उठली नाही. सूप मांडीवर ठेवूनच तिनं उत्तर दिलं.

तुम्हीही कधी या. कुठूनही या, उंचीची अट नाही. पाय धुवा आणि माझ्यावर बसा. तिनं बंकटला जे सांगितलं तेच ती तुम्हालाही सांगेल, फक्त पहिलं वाक्य सोडून.

“न्हाई, मुकादम, कोयता न्हाई,” ती म्हणाली आणि थोडी सरकली. “बसा की. जागा लई हाय.”