शुक्रवारपर्यंत कळवा

स्कॅन स्वच्छ होता. रक्त मात्र वेगळंच सांगत होतं. स्तनाच्या कॅन्सरसाठी माझ्या मोठ्या जाऊबाई ज्या गोळ्या घेत होत्या, त्या आता फार दिवस चालणार नाहीत, अशी खूण रक्तात दिसायला लागली होती. डॉक्टरीणबाईंनी सरळ विचारलं, गोळी आत्ताच बदलायची, की स्कॅनमध्ये काही दिसेपर्यंत थांबायचं? बदलली तर आजार वाढणं लांबेल. आयुष्य वाढेल का, ते खात्रीने सांगता येत नाही. नव्या गोळीने पोट बिघडतं, थकवा येतो. शुक्रवारपर्यंत कळवा.

"मला काही होत नाहीये," जाऊबाई म्हणाल्या. "परत एकदा रक्त घ्या."

दोनदा घेतलंय, दोन्ही वेळा तेच आलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

घरी आल्यापासून त्या एका जागी बसेनात. धुतलेले डबे पुन्हा धुतले. माझं कपाट उपसून चादरींच्या घड्या नव्याने घातल्या. मोठे दीर समजूत घालायला गेले, तर त्यांच्या हातात झाडू आला.

गुरुवारी जेवणाचा डबा घरीच विसरल्या, म्हणून मी डेअरीत गेले. तिथल्या प्रयोगशाळेत त्या बावीस वर्षं आहेत. टँकर आला की दूध ढवळून नळीभर काढायचं, तपासायचं. नापास झालं तर अख्खा टँकर परत. समोर एक ड्रायव्हर काकुळतीला आला होता. वास नाही, चव चांगली, मी स्वतः प्यायलो, बाई, परत एकदा बघा की.

"दोनदा बघितलं," जाऊबाई म्हणाल्या आणि कागदावर सही करायला वाकल्या. पेन तसंच धरून राहिल्या. मग सही केली.

तो गेल्यावर मला राहवलं नाही. "ताई, तो तुमचंच वाक्य बोलत होता."

"बहिरी नाहीये मी." त्या नळ्या विसळत होत्या. "पण टँकर परत पाठवताना मला त्यात बसून जावं लागत नाही."

त्यांनी हात पुसले, खिडकीपर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या. मग फोन लावला. दोनदा एंगेज. तिसऱ्यांदा लागला.

"सोमवारपासून नवी गोळी सुरू करते," त्या म्हणाल्या. "पण घाबरलेय मी. तेही लिहून ठेवा."

पलीकडून डॉक्टरीणबाई बराच वेळ बोलत राहिल्या. जाऊबाई नुसतं हं, हं करत होत्या आणि दुसऱ्या हाताने माझ्या बाहीचं बटण पिळत होत्या. मी हात तसाच धरून ठेवला.