आल्फेची शेवटची हाक

"दोन शब्द बोल म्हटलं होतं तुला, गावाची उणीदुणी काढ असं नव्हतं म्हटलं!" क्लोदेत आत्या दबक्या आवाजात ओरडली. दबक्या आवाजात ओरडणं फक्त तिलाच जमायचं.

"मग तूच बोल ना. भाऊ तुझाच होता."

"आणि बाप कुणाचा होता रे? बटणं लाव आधी. मयताला आलायस की मारामारीला?"

"बघू. जे आधी होईल ते."

रेमीने बटणं लावलीच नाहीत. आपण काय बोलणार ते त्याने नुकतंच तिला सांगितलं होतं. चर्चच्या हॉलमागच्या स्वयंपाकघरात दोघं घावनांच्या थाळ्यांमध्ये उभी होती. बाहेर सगळं गाव जमलं होतं. त्याच्या बापाला, आल्फेला, अजून पुरलंही नव्हतं. जमीन दगडासारखी गोठलेली, त्यामुळे शवपेटी वसंतापर्यंत दफनभूमीच्या कोठडीत. पण जेवण मात्र आजच. गावाला भूक लागते ना.

आल्फे दिवसभर बटाट्याच्या गोदामात राबायचा आणि उरलेला वेळ गावाच्या आगीच्या बंबाला द्यायचा. फुकट. बायको सोडून गेली तेव्हा रेमीची धाकटी बहीण लीझ दुपट्यात होती. तिची वेणी घालायला तो बंबावरच्या दोरावर शिकला. म्हणून लीझची वेणी कायम अशी घट्ट, की पोरीचे डोळे तिरपे व्हायचे. रेमीने शाळा सोडली तेव्हा बाप ओरडला नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याला उठवलं, दुसरा डबा भरला आणि गोदामात घेऊन गेला. वाटेत एवढंच म्हणाला, "टोपी घाल, कान गळून पडतील."

रेमीला त्या वेळी शिव्या चालल्या असत्या. टोपीचं ऐकून जास्त राग आला.

आणि पेजर वाजला की बाप पळालाच. रेमीच्या हॉकीच्या मॅचमधून पळाला, लीझच्या वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या जळत असताना पळाला. पूर्वी पळणारे वीस जण होते, आता त्याच्याखेरीज सात उरलेले. बाकीच्यांचे गुडघे दुखतात, कामं असतात, बायका नको म्हणतात. मागच्या आठवड्यात एका रात्री कुणाचं तरी धुराडं पेटलं, ते विझवून आल्फे पाण्याच्या टँकरच्या पायरीवर बसला आणि एक बूट काढला. पोरांना वाटलं, दम खातोय. कुणीतरी शेजारी कॉफी ठेवली. कॉफी गार झाली तेव्हा कळलं.

"रेम्या, चल." दाराशी ऑरेल आला. हा बंबवाल्यांचा म्होरक्या, इस्त्रीच्या गणवेशात अवघडलेला. "आधी तू, मग फादरची प्रार्थना, मग शेवटची हाक. आम्ही सगळ्यांनी आपापले पेजर आणि वायरलेस बंद केलेत, मध्येच खरखर नको. फक्त स्पीकर चालू आहे."

शेवटची हाक म्हणजे कंट्रोलवरची बाई मेलेल्या माणसाचा नंबर तीनदा पुकारते. उत्तर येत नाही. मग ती म्हणते, ड्युटी संपली. आल्फेचा नंबर अकरा.

रेमी माईकपाशी गेला. पहिल्या रांगेत लीझ, तिच्या शेजारी म्हातारी ओदील, मांडीवर थाळी घेऊन.

"माझा बाप चांगला होता," रेमी म्हणाला. "हे तुम्हाला माहितीच आहे, तुम्ही त्याला वापरलाय. तुमच्या पायऱ्यांवरचा बर्फ त्याने काढला. तुमच्या मांजरी झाडावरून उतरवल्या. हसू नका. तुम्ही घावनं खाताय ना, ती दरवर्षी तोच करायचा, आणि करपवायचा. आज चांगली झालीयत, कारण तो नाहीये."

आत्याने कपाळाला हात लावला.

"आता मला एवढंच सांगा, त्या रात्री त्याच्याबरोबर तुमच्यातलं कोण..."

स्पीकरमधून हाकेआधीचे सूर निघाले. दोन लांब, एक आखूड.

सगळा हॉल उठला. माना खाली गेल्या. ऑरेलने टोपी काढून छातीशी धरली, सातही जण खांबासारखे उभे. प्रार्थना व्हायची होती अजून, पण बाईने घाई केली असेल, तीही आल्फेला वीस वर्षं ओळखत होती. कुणीतरी हुंदका दिला.

रेमीची तेवढी मान खाली नव्हती. त्याचं वाक्य तोडलं होतं, तो स्पीकरकडे खाऊ की गिळू असा बघत होता. म्हणून त्याला शब्द ऐकू आले. अकरा नंबर नव्हताच त्यात. बाई म्हणत होती, मिशो रोड, टोकाचं घर, छपरातून धूर, बर्फ काढणाऱ्या गाडीवाल्याने कळवलंय.

कुणी हललं नाही. फादरने हवेत क्रूस काढला.

बाईने पुन्हा सगळं सांगितलं. आवाज चढला होता. कुणी उत्तर का देत नाही, तिला कळेना.

"अरे, खरी आहे!" रेमी माईकमध्ये किंचाळला. "खरी हाक आहे! मिशो रोड पेटलाय!"

खुर्च्या आडव्या झाल्या. सातही जण दाराकडे धावले. ओदील मात्र थाळी धरून बसूनच राहिली.

"टोकाचं घर आमचंय ना?" तिने लीझलाच विचारलं. "आमचे हे, गास्तों, झोपलेत घरात. दोन वर्षं झाली, बिछान्यातून उठत नाहीत. गार पडायला नको म्हणून शेगडीत दोन लाकडं जास्त घातली. आल्फेसाठी तासभर तरी जाऊन यावं म्हटलं."

दारात ऑरेल थबकला. "टँकर कोण घेणार?"

मिशो रोडला नळ नाही, पाणी न्यावंच लागतं. टँकर आल्फेचा, त्याचा गिअर त्याच्याशिवाय कुणाचं ऐकत नसे. तसलाच खडूस गिअर गोदामाच्या ट्रकला होता आणि तो आल्फेने एकाच माणसाला शिकवला होता. सातही तोंडं माईककडे वळली. विचारायची हिंमत एकालाही होईना.

रेमीने हॉलकडे पाहिलं. ज्यांना तो विचारणार होता ते सगळे थाळीत बघत होते.

"नाही," आत्या मध्ये आली. मघाची आत्या राहिली नव्हती ही. "ऐक माझं, राजा. एक गेला तेवढा पुरे. बोल, तुला काय बोलायचंय ते बोल. शिव्या घाल सगळ्यांना. मी अडवत नाही."

लीझ खुर्चीवर चढली होती. "तू पण जाणार?" तिने विचारलं.

बापाला ती कधीच असं विचारायची नाही.

रेमीने माईक आत्याच्या हातात कोंबला.

"लीझला धर. मला आता जायचंय."